वळीव निसर्गाचा, बिल मामाचं

‘नैसर्गिक आपत्तीमुळे कार्यक्रमात व्यत्यय आल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही व भरलेली रक्कम परत मिळणार नाही.’ गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सच्या पावतीमागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘फटाके वाजवू नयेत’ आणि ‘चपला-बूट हरवल्यास तक्रार करू नये’ या दोन सूचनांच्या मधोमध हे वाक्य बसवलेलं आहे. भाचीच्या साखरपुड्यासाठी ही पावती घेणारा मामा म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण ‘मी’ म्हणून लिहायला बसलं की लेखणी शिव्यांकडे वळते, म्हणून या मजकुरात त्याला मामाच म्हणू या.

मामाची तक्रार वादळाबद्दल नाही. वादळ आलं नि गेलं, त्यात कुणाचा दोष नाही. तक्रार आहे ती मेच्या संध्याकाळी उघडं मैदान भाड्याने द्यायचं आणि पाऊस आला की आकाशाकडे बोट दाखवायचं, या धंद्याबद्दल.

नाशिकबाहेरच्यांसाठी दोन ओळी. अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड केटीएचएम महाविद्यालय, जुना गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असं करत गंगापूर गावाकडे आणि पुढे धरणाकडे जातो. गोदावरी त्याच्या उजव्या हाताला, जवळजवळ समांतर वाहते. रस्ता आणि नदी यांच्यामधल्या पट्ट्यात पूर्वी मळे होते, आता बंगले, इमारती आणि लॉन्स. मुहूर्ताच्या दिवशी या रस्त्यावर एकामागोमाग एक रोषणाईच्या कमानी लागतात आणि पाहुणे चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवून येतात, हे इथे कुणाला नवीन नाही.

जानेवारीत मामा जागा बघायला गेला तेव्हा हिरवळ कापलेली होती, नदीकडून गार वारा येत होता आणि मॅनेजरने न विचारता चहा मागवला. ‘पाऊस आला तर?’ या प्रश्नावर तो मनापासून हसला. “साहेब, मे महिन्यात कसला पाऊस? आणि आलाच, तर मागे आपला पक्का हॉल आहे की. तुमच्यासाठीच आहे तो.” मामा सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेला माणूस. त्याने घरी जाऊन हाच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवला: वादळ-पाऊस झाल्यास हॉल वापरायला मिळेल ना? उत्तरादाखल अंगठा आला. निळ्या खुणांसकट तो अंगठा आजही मामाच्या फोनमध्ये आहे, आणि ‘नीट विचारून घ्यायला नको होतं का?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला तो दाखवला जातो. ५०,००० रुपये आगाऊ दिले. मिळाली ती कच्ची पावती, तिच्यावर जीएसटी क्रमांकही नव्हता.

मे महिन्यात कसला पाऊस, हे वाक्य नाशिकमध्ये बोलायला मोठंच धारिष्ट्य लागतं. वळीव ही काही कालपरवाची गोष्ट नाही. मेमध्ये जमीन तापते, समुद्राकडून बाष्प येतं, दुपारनंतर ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत चढतात. वर पाऊस तयार झाला की त्याच्यासोबत गार, जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरते. त्यामुळे वळवात आधी धुरळा येतो, मग वारा, आणि थेंब सगळ्यात शेवटी. थेंब पडायला लागल्यावर आवराआवर करू म्हणणाऱ्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. झुळकीला मजेत फडफडणारं मंडपाचं कापडी छत वावटळीत लोखंडी सांगाड्यासकट उचललं जातं, ते म्हणूनच.

२०२५ चा मे तर अवघ्या महाराष्ट्राच्या लक्षात आहे. महिनाभर अवकाळीने झोडपलं, नाशिक जिल्ह्यात काढून ठेवलेला कांदा भिजला, आणि मोसमी पाऊस केरळात २४ मेला, तर मुंबईत २६ मेला येऊन ठेपला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे तब्बल सोळा दिवस आधी. अशा महिन्यात ‘अचानक आलं हो’ हे कुणी कुणाला सांगावं?

साखरपुड्याच्या दिवशी हवामान खात्याने नाशिक जिल्ह्याला पिवळा इशारा दिला होता. दुपारभर अंगाची लाही होत होती. पान हलत नव्हतं. मामा चारच्या सुमारास लॉन्सवर पोचला तेव्हा फुलवाले कमान बांधत होते, आचाऱ्याने मसालेभाताची फोडणी टाकली होती आणि स्टेजवर सॅटिनची खोळ चढवलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. ठरवताना अल्बममध्ये दाखवली होती ती कोरीवकामाची, लाल मखमलीची, उंच पाठीची दोन सिंहासनं. भाचीने खास तीच पसंत केली होती. मामाने विचारलं. मॅनेजर म्हणाला, “पॉलिशला गेल्यात साहेब. सीझन आहे ना.” भाचीने नाक मुरडलं, मामाने समजूत घातली. प्लास्टिक तर प्लास्टिक.

साडेपाचनंतर पश्चिमेकडचं आभाळ शिसवी झालं. सहाच्या आसपास समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादर उडून थेट लॉन्सच्या तारेवर अडकली आणि पुढच्या काही मिनिटांत काय काय झालं याचा क्रम आजही कुणाला नीट लावता येत नाही. फुलांची कमान आडवी झाली. स्टेजमागचा पडदा फाटून त्याचे दोन तुकडे झाले. कनातीचं ओलं कापड मसालेभाताच्या हंड्यावर पडलं. लाइट गेली. मुलाकडची आजी खुर्चीत होती, ती खुर्चीसकट उचलून न्यावी लागली. मंडपाच्या सांगाड्याचा एक कोपरा वर उठला आणि जेवणाच्या टेबलांवर आला. तोवर टेबलांपाशी कुणी बसलेलं नव्हतं, एवढं नशीब. मग पाऊस.

पाहुणे हॉलकडे धावले. हॉलला कुलूप.

मॅनेजर छत्री घेऊन आला. त्याच्याकडे छत्री होती, हेही लक्षात घ्या. “हॉल उघडतो साहेब, पण त्याचं भाडं वेगळं पडेल. शेठला विचारावं लागेल.” पाठीशी चिंब भिजलेल्या बायका, कडेवरची रडणारी पोरं, आणि हा माणूस भाड्याची बोली करतोय. मामा ‘हो’ म्हणाला. दुसरं कुणीही तेच म्हटलं असतं. म्हणून तर ती वेळ साधून विचारलं गेलं.

हॉलच्या ओसरीत निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी रचून ठेवलेलं होतं, सुतळीने चहूबाजूंनी आवळून बांधलेलं. एका पोराने आडोशासाठी ताडपत्रीचा कोपरा वर केला. आत लॉन्सचे मोठे स्पीकर, सोफ्याच्या गाद्या, आणि सगळ्यांच्या मागे, एकावर एक उलटी ठेवलेली ती दोन सिंहासनं. लाल मखमल, कोरडी ठणठणीत. मामा काही क्षण नुसता बघत राहिला. शेजारी एक वाढपी पोरगा डोकं पुसत उभा होता. त्याला मामाने सहज आवाजात विचारलं, “हे कधी ठेवलं रे इथे?” पोरगा भोळा. “दुपारीच. शेठचा फोन आला होता, वादळ आहे म्हणाले, आपलं सामान आत घ्या.”

आपलं सामान आत घ्या. दुपारी. दोनशे पाहुणे यायचे होते, फुलवाला, आचारी, मंडपवाला आपापलं काम करत होते, यांपैकी कुणालाही चकार शब्द नाही. पॉलिशची थाप तेवढी मारली. वादळाने झालेलं नुकसान मामा विसरेलही, ती सुतळीची गाठ विसरणार नाही. कुणीतरी सावकाश, नीट, दोनदा फिरवून मारलेली गाठ होती ती.

साखरपुडा झाला. हॉलमध्ये, मोबाइलच्या उजेडात, गुरुजींचं सोवळं ओलं असताना. अंगठी घातली, पेढा भरवला, टाळ्या झाल्या. निम्मे पाहुणे रस्त्यातच अडकले होते. पुढे एक गुलमोहर आडवा पडला होता आणि अग्निशमन दलाची गाडी यायला वेळ लागला. गुलमोहर दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. वादळात पहिला मान त्याचाच. त्याच्या सावलीत गाडी लावणाऱ्यांनी मे महिन्यापुरता उन्हाचा चटका सोसावा.

हिशेबाच्या दिवशी पुन्हा चहा आला. बिलात पूर्ण भाडं तर होतंच, वर ‘हॉल (तातडीचा)’ अशी एक ओळ आणि जनरेटरच्या डिझेलची दुसरी. जनरेटर त्या संध्याकाळी लॉन्सच्या ऑफिसचे आणि फाटकाचे दिवे लावत होता, ही बाब मामाने निदर्शनास आणली. मॅनेजरने दोन्ही हात वर केले. “निसर्गापुढे कुणाचं काय चालतं हो?” आणि पावती उलटी करून त्या वाक्यावर बोट ठेवलं. सिंहासनांचं विचारल्यावर म्हणाला, “ती मालकांची प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे.” याला काय उत्तर द्यावं?

याच व्यवहारातला दुसरा माणूस, आचारी. त्याचं भांडं वाकलं, भात गेला, जिलेबी भिजली. ठरलेल्या ताटांचे पैसे मागायचा त्याला हक्क होता. त्याने जेवलेल्या ताटांचेच घेतले आणि वाचलेली बटाट्याची भाजी नि पुऱ्या पाहुण्यांना डबे भरून दिल्या. मंडपवाल्याचा सांगाडा वाकला, तोही रडला नाही. नुकसान तिघांचं झालं. नफा एकाचाच, कारण त्याचं सामान ताडपत्रीखाली होतं.

मुलाकडचे एक काका निघताना म्हणाले, “जागा कुणी ठरवली होती?” मामाने फोन काढून अंगठा दाखवला. काकांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

आता, दुसऱ्यांना यातून जे घेता येईल ते.

वादळाला नाव असलं की सगळे जागे होतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धनजवळ आलं आणि ईशान्येकडे सरकत, जोर ओसरत, त्या रात्री नाशिक जिल्ह्यावरून गेलं. त्याची खबर आधीपासून होती, यंत्रणा सज्ज होत्या. टाळेबंदीमुळे लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी असल्याने मोठे मंडपही नव्हते. वळवाला नाव नसतं आणि दोन-तीन दिवस आधी त्याची नेमकी जागा कुणी सांगू शकत नाही. पण दोन-तीन तास आधी सांगता येते. हवामान खातं जिल्हावार इशारे रंगांत देतं: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. त्याखेरीज पुढच्या तीन तासांसाठीचा तातडीचा अंदाज निघतो, तो ‘मौसम’ अ‍ॅपवर दिसतो. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, ते आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरातल्या विजांची सूचना देतं. कार्याच्या दिवशी घरातल्या एका कॉलेजच्या पोराला हेच काम नेमून द्या. फोन नाहीतरी त्याच्या हातातच असतो. तीनच्या पुढे दर अर्ध्या तासाला बघायचं आणि काही दिसलं की मोठ्यांना सांगायचं, लाजायचं नाही.

आणि लॉन्सवाल्यांचं सामान बघा. हा सल्ला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. कार्याच्या दिवशी दुपारी स्पीकर, सोफे, शोभेच्या खुर्च्या जागेवर आहेत का, की कुठे हलवल्यात, हे स्वतः फिरून पाहा. हलवल्या असतील तर कारण विचारू नका. तुमचंही सामान आत घ्या.

हॉलचा प्रश्न कागदावर सुटला पाहिजे. ‘पावसाळी पर्याय म्हणून पक्का हॉल, वेगळं भाडं न आकारता, मागणी केल्याबरोबर उघडून मिळेल’ एवढं एक वाक्य पावतीवर हाताने लिहून घ्या, खाली सही आणि शिक्का. मॅनेजर ‘एवढं कशाला, आपला शब्द आहे’ म्हणाला तर उठून या, शेजारी दुसरं लॉन्स आहे. हॉलची किल्ली कार्याच्या वेळी जागेवर कुणाकडे असणार, हेही विचारून ठेवा. जनरेटर कशाकशाला जोडलेला आहे, डिझेल कुणाचं, हे लेखी घ्या. मंडपवाल्याला सांगून समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या ठेवा, म्हणजे वारा आत कोंडून छत वर उचललं जाणार नाही. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आहे का, वायरी गालिच्याखालून गेल्यात का, हे वायरमनकडून बघून घ्या. ओला गालिचा आणि उघडा जोड ही भयंकर जोडी आहे.

आडोसा कशाचा घेताय, हे मात्र घाईतही बघाच. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्याने पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला, १७ जणांचा जीव गेला. फलक १२० बाय १२० फुटांचा होता, महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. त्याआधी १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात असाच फलक पडून पाच जण गेले, त्यातले काही पावसापासून आडोसा म्हणून तिथे थांबले होते. त्याच महिन्यात, ९ एप्रिलला, अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कडुलिंबाचं झाड पडलं आणि शेडखाली जमलेल्या भाविकांपैकी सात जण दगावले. तिन्ही घटना एप्रिल-मेतल्या आणि तिन्ही दिवस कलल्यावरच्या. लॉन्सवर पत्र्याच्या शेड, मोठाली झाडं आणि फाटकाजवळचे फलक सगळंच असतं. पक्क्या भिंती आणि पक्कं छत, एवढंच चालतं. ते कुलपात असेल तर कुलूप तोडा, कुलपाचे पैसे नंतर द्या. मामाला हे त्या वेळी सुचलं असतं तर मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं असतं.

ज्यांचं कार्य जुलै-ऑगस्टमध्ये असेल त्यांनी आणखी एक विचारावं. नदीकाठची जागा पूररेषेच्या आत आहे की बाहेर? निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नाशिकने सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ असे मोठे पूर थोडक्या काळात पाहिलेत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, यावर आपण पूर मोजतो, पण गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी मारुतीपाशी पोचण्याआधी या पट्ट्याजवळून जातं.

वीज गेली की महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. तुटलेली तार दिसली तर हात लावू नका, वगैरे आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे. वडीलधारी आणि लहान मुलं यांना आधी हलवा. धीर धरा. हेही सांगितलंच पाहिजे, म्हणून सांगितलं.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि इथे मामा जरा रमणार आहे, कारण गेल्या वर्षभरात त्याने पेन्शनरांच्या कट्ट्यावर दुसरं काही बोललेलं नाही.

जागा भाड्याने घेतली आणि कार्यक्रमच होऊ शकला नाही, हे भांडण जुनं आहे. १८६१ मध्ये लंडनमधलं सरे गार्डन्सचं संगीतगृह मैफलींच्या ऐन तोंडावर जळून गेलं. ‘टेलर विरुद्ध कॉल्डवेल’ या खटल्यात १८६३ मध्ये न्यायालय म्हणालं, जागाच उरली नाही तर दोन्ही पक्ष मोकळे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक बघायला लोकांनी रस्त्यालगतच्या खोल्या भाड्याने घेतल्या, राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे ढकलली गेली. ‘क्रेल विरुद्ध हेन्री’मध्ये भाडेकरूला उरलेली रक्कम द्यावी लागली नाही. पण आधी हातात पडलेले पैसे परत करायला लावणारा कायदा इंग्लंडने १९४३ मध्ये केला. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यात तो आधीपासून आहे. कलम ५६ म्हणतं, ठरलेली गोष्ट करणं नंतर अशक्य झालं तर करार रद्दबातल. कलम ६५ म्हणतं, असं झालं तर त्यापोटी घेतलेला लाभ परत करा किंवा भरपाई द्या.

लॉन्सवाले यावर म्हणणार, मैदान तर आम्ही दिलं होतं, अशक्य कुठे झालं? आणि पावतीमागचं वाक्य आहेच. वकील मंडळी या दोन मुद्द्यांवर बराच वेळ काढू शकतात. म्हणून मामाने वाट बदलली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे, आणि ग्राहकाला उपयोगी पडणारी माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणं हाही तिचा भाग आहे. वादळ येणं हा प्रश्नच नाही मग. ते येणार हे दुपारी ठाऊक असून न सांगणं, हा प्रश्न. मामाने त्या संध्याकाळी ओसरीत ताडपत्रीचा, गाठीचा आणि मखमलीचा फोटो काढला होता. फोटोवर वेळ आहे. याच कायद्यात बिल किंवा पावती न देणं हा अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार सांगितलाय, त्यामुळे कच्च्या पावतीवर भागवू नका, पक्कं बिल मागा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल होते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, कधीकधी तेवढ्यावरही समोरचा नरमतो. मामाच्या बाबतीत नरमला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद पुरावा म्हणून देताना नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे फोन बदललात तरी जुना विकू नका. वादळाचा दिवस आणि वेळ सिद्ध करायला हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून नोंदी रीतसर मागवता येतात. वर्तमानपत्राचं कात्रण सोबत असू द्या, पण तेवढ्यावर विसंबू नका.

विम्याचंही लगेहात. कार्यक्रम रद्द होण्याचा विमा आता आपल्याकडे मिळतो, मोठ्या कार्याला तो घ्यावा. गाडीवर झाड पडलं तर फक्त थर्ड पार्टी विम्यात काही मिळत नाही, सर्वसमावेशक विमा हवा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका, इंजिनात पाणी जाऊन ते बसलं तर साध्या पॉलिसीत बहुधा नकारच येतो. झाड हलवण्याआधी फोटो काढा. विमा कंपनीने दाद दिली नाही तर नाशिककरांसाठी विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे आणि तिथेही फी नाही.

भाचीचं लग्न डिसेंबरमध्ये झालं, हॉलमध्ये. मामाची तक्रार आयोगापुढे आहे. कायदा तीन महिन्यांत निकाल द्यावा म्हणतो, तारखा त्याहून लांबच्या पडतात. लॉन्स मात्र जोरात चालू आहे.

ग्राहक आयोगाकडे जायची मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. २०२५ च्या मेमध्ये ज्यांचं कार्य असं पाण्यात गेलं आणि ज्यांनी ‘जाऊ दे’ म्हणून पावती कपाटात टाकली, त्यांची मुदत मे २०२७ मध्ये संपते. कपाट उघडा, पावती शोधा, आणि त्या संध्याकाळचे फोटो फोनमधून पुसले गेले नाहीत ना, तेवढं आजच बघा.